उष्टावण

संग्रामदादानं मला मिठी मारली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही. वडील गेले तेव्हासुद्धा दादानं माझ्या डोक्यात एक टपली मारली होती आणि "रडू नको, च्या टाक" म्हणाला होता. आमच्याकडे माया म्हणजे ताटात न विचारता पडलेली दुसरी भाकरी. दादाकडून तर ती भाकरीही आदळूनच यायची. त्याचा तरी काय दोष? विशीतच त्याला मोठ्या आतड्याचा आजार जडला होता. शरीराची राखण करणारी फौज शत्रू सोडून स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते, जखमा होतात, रक्त जातं, असा तो आजार. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याची खानावळ चालवायची आणि स्वतः मात्र मऊ भात नि ताकावर जगायचं, अशा माणसाचा स्वभाव गोड कसा राहणार? गिऱ्हाइकं त्याला वचकून असायची, सुप्रिया वहिनी वचकून असायच्या आणि दारातला वाघ्या कुत्रा दादाची चप्पल वाजली की टेबलाखाली पळायचा.

मग सखा आला.

मी गुरांची डॉक्टर. म्हशींच्या पोटातले जंत हा माझा रोजचा विषय, त्यामुळे सखा म्हणजे काय हे घरात सगळ्यांना मीच समजावून सांगितलं. जंत हा फार हुशार भाडेकरू असतो. ज्या घरात राहायचं, त्या घराच्या राखणदाराला तो आधी गुंगवून ठेवतो. त्याच्या अंगातून अशी रसायनं सुटतात की शरीराची फौज थंड पडते आणि त्याला हाकलत नाही. हजारो वर्षं माणसाच्या पोटात जंत होते आणि फौज त्यांच्याशी झुंजण्यात गुंतलेली होती. संडास आले, चपला आल्या, जंत गेले आणि रिकामी बसलेली फौज घरच्यांवरच उठली, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं. त्यांनी मग एक जंत घेतला, त्याच्या जनुकांत बदल केले, रक्त पिण्याची हाव कमी केली आणि गुंगी देण्याची ताकद वाढवली. दंडावर एक पट्टी चिकटवायची. पट्टीतल्या अळ्या कातडीतून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात जातात आणि गिळल्या गेल्या की आतड्यात पोचतात. पट्टीत फक्त माद्याच भरलेल्या. नर नाही, म्हणजे पिल्लं नाहीत. दोन-तीन वर्षांनी त्या म्हाताऱ्या होऊन मेल्या की नवी पट्टी लावायची.

"म्हंजे पैसं दिऊन मी जंत पाळायचं?" दादानं विचारलं होतं.

"वाघ्या पाळलायस की. तो तरी काय फुकट खातोय?"

तीन महिन्यांत दादा तांबडा रस्सा ओरपायला लागला. त्याच्या अंगावर मांस चढलं. वहिनी देवीची ओटी भरून आल्या. आणि चार वर्षांनी एका दुपारी मी सहज खानावळीत गेले, तर हा गल्ल्यावरून उठून आला आणि सगळ्यांसमोर त्यानं मला मिठी मारली.

"किती वाळलीस गं ऋते," म्हणाला. माझे डोळे भरून आले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरची वर्षं आमच्या घराची सोन्याची वर्षं होती, हे मी आजही नाकारणार नाही. दादा गल्ल्यावर बसेचना. स्वतःचं ताट हातात घेऊन टेबलाटेबलाशी फिरायचा, ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या तोंडात आपल्या ताटातला घास कोंबायचा. "खा की मर्दा, लाजतोयस काय!" लोक खूश. आग्रह करून वाढणं हे आमच्या गावाला नवं नाही, पण हा आग्रह वेगळा होता. खानावळीबाहेर रांगा लागल्या. घासाची चव तोंडात घेऊन गेलेली माणसं पुढच्या खेपेला भावाला, जावेला, शेजाऱ्याला घेऊन यायची आणि तीही एकमेकांना भरवायची. आमच्या पेठेतले बांधावरून चाललेले दोन जुने खटले मागे घेतले गेले. चुलत्यांशी आमचं वीस वर्षांचं भांडण होतं, ते काकूनं आईला जिलेबीचा घास भरवून मिटवलं. दोघी गळ्यात पडून रडल्या.

मला उशिरा दिवस गेले तेव्हा दादाचा आनंद गगनात मावेना. रोज दुपारी दवाखान्यातून मी खानावळीत जेवायला यावं असा त्याचा हुकूम होता. मी समोर बसले की तो आपल्या भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून माझ्यापुढे धरायचा.

"आ कर. दोन जिवांची हाईस."

मी आ करायचे.

मंजिरी झाली. शांत, गुणी पोर. रात्रीचा दिवस करावा लागेल म्हणून सगळ्यांनी धाक घातला होता, पण ती रडायचीच नाही. माझा नवरा अभय म्हणायचा, "आईसारखीच झालीय. तूसुद्धा हल्ली किती गोड झालीस! पूर्वी नुसती करवतीसारखी बोलायचीस." मी म्हटलं, आई झाल्यावर होतं असं.

पहिली पाल चुकचुकली ती वाघ्यामुळे. वहिनी त्याला दोरी बांधून दवाखान्यात घेऊन आल्या.

"वन्सं, ह्यो भुंकायचाच बंद झालाय बघा. परवा मागच्या दारानं चोर शिरला, तर ह्यो त्येचं पाय चाटत बसला."

वाघ्याच्या तोंडातून लाळ गळत होती. पिसाळला तर नाही ना, हे आधी बघितलं. नव्हता. विष्ठा तपासली, स्वच्छ होती. काहीतरी करायचं म्हणून मी त्याच्या लाळेचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. थेंबात बारीक, पारदर्शक अळ्या वळवळत होत्या. सखाच्या माहितीपत्रकात त्या अळ्यांचं चित्र मी पाहिलं होतं. वाघ्याला कुणी कधी पट्टी लावली नव्हती. तो फक्त दादाच्या ताटातलं उष्टं खायचा.

मग मी घरच्या सगळ्यांना बश्या घेऊन उभं केलं. दादा, वहिनी, आई, अभय, खानावळीतले वाढपी. सगळे हसत हसत थुंकले. वाढप्यांपैकी एकजण कालच कामाला लागला होता, तो सोडून सगळ्यांच्या लाळेत अळ्या होत्या.

काय झालं असावं, ते मी चार दिवस डोकं धरून जुळवलं. माद्यांनी नराशिवाय पिल्लं घालायला सुरुवात केली होती. यात जादू नाही, पिकावरचा मावा हेच करतो. पिल्लांची वाट नाहीतरी घशातूनच जाते, त्यातली काही गिळली न जाता लाळेत राहिली. आता एकट्या, चिडक्या, आपलं ताट आपल्यापुरतं ठेवणाऱ्या माणसाच्या पोटातला जंत त्याच्याबरोबरच संपणार. ज्याचा यजमान दुसऱ्याला घास भरवतो, पोरांचे मुके घेतो, त्याच्या जंताचा वंश वाढणार. आई बाळाला जवळ घेते तेव्हा तिच्या रक्तात एक संप्रेरक वाढतं, तशाच घडणीचं रसायन कुठल्यातरी मादीच्या अंगातून थोडंसं सुटलं असेल. तिची पिल्लं जास्त पसरली. त्यांच्यातलं ज्याचं रसायन जास्त, ते आणखी पसरलं. सहा-सात वर्षांत निवड होत होत जो जंत उरला, तो माणसाला मायाळू करणारा जंत होता. कुणी ठरवलं नव्हतं. जंताला मेंदू नसतो म्हटलं तरी चालेल. त्याला फक्त पुढच्या तोंडात जायचं होतं.

समुद्रातल्या एका खेकड्याबद्दल आम्हाला शिकवलं होतं. त्याच्या अंगात एक परजीवी शिरतो आणि पोटाखाली, जिथे खेकडीची अंडी असतात तिथे, स्वतःची पिल्लांची पिशवी लटकवतो. खेकडा नर असला तरी त्याचं अंग मादीसारखं रुंद होतं. मग तो ती पिशवी साफ करतो, जपतो, वेळ आली की लाटांत उभा राहून पिल्लं पाण्यात सोडतो. आपलीच लेकरं समजून. वर्गात आम्ही हसलो होतो.

कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, की चाचण्यांमध्ये लाळेत अळ्या आढळल्या, पण त्यापासून संसर्ग झालेला नाही. मी विचारलं, चाचण्या कुठे झाल्या? परदेशात. तिथे ज्याचं ताट त्याचं, ज्याचा चमचा त्याचा. उष्टं या शब्दाला तिकडे शब्दच नसेल. लाळ एका तोंडातून दुसऱ्या तोंडात रोज दोन वेळा प्रेमानं जाते, असा देश त्यांच्या हिशेबात नव्हता.

तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे. माया वाढली तर कुणाचं काय बिघडलं? पण माझी शाळेतली मैत्रीण मुबीना लहान मुलांची डॉक्टर आहे. तिच्याकडे मी हे बोलले, तर ती बसल्या जागी पांढरी पडली.

"ऋतुजा, माझ्याकडं गुणी पोरं याय लागलीयत गं," ती म्हणाली. "ताप नाही, रडणं नाही. फुफ्फुस पाण्यानं भरलेलं असतं आणि पोर माझ्याकडं बघून हसत असतं. आयांना कळतच नाही काही झालंय म्हणून. दोन गेली या महिन्यात."

मोठ्या माणसाची फौज तयार झालेली असते, ती थोडी गुंगवली तरी निभावतं. तान्ह्याची फौज अजून कवायतच शिकत असते. तिला तेव्हाच गुंगी दिली तर ती उठतच नाही. आत जंतू माजतात आणि ताप येत नाही, कारण ताप आणणारंच झोपलेलं असतं.

मंजिरीला सातवा महिना लागला होता. पुढच्या आठवड्यात तिचं उष्टावण होतं. आणि उष्टावणाचा पहिला घास मामानं भरवायचा असतो.

मी दादासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. जंताची साधी गोळी होती, ती त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती बोटानं उलटी-पालटी केली.

"म्हंजे माझी माया किड्याची?"

"तसं नाही दादा."

"तसंच म्हणालीयस तू. बरं, मग आदी मी वसवस करायचो, सुप्रियाच्या अंगावर ताट फेकायचो, त्यो राग कुणाचा हुता? त्यो बी सडक्या आतड्याचाच की. मग ह्यातला मी कुठला, सांग."

मी गोळी त्याच्याकडे आणखी थोडी सरकवली.

"ही गोळी घेतली की ते रगात परत सुरू हुणार, व्हय न्हवं?"

"हो."

त्यानं गोळी माझ्याकडे सरकवली. "पोरीला नवा चांदीचा चमचा आणलाय. त्येला माझं त्वांड लागणार न्हाई. मामाच्या हातचं उष्टावण चुकवू नको, एवढं ऐक." त्याचे डोळे भरले होते. मीही पाघळले आणि हो म्हणून बसले.

उष्टावणाला पेठ लोटली होती. पाटावर दादा, त्याच्या मांडीवर मंजिरी, पुढ्यात चांदीच्या वाटीत खीर. आईनं दोघांना ओवाळलं. मी चार हात अंतरावर उभी राहून ससाण्यासारखी बघत होते. दादानं चमचा भरला. आणि मग कुठल्याही मराठी माणसानं केलं असतं तेच त्यानं केलं. खीर गरम तर नाही ना, हे बघायला चमचा आपल्या खालच्या ओठाला टेकवला, फुंकर मारली आणि पोरीच्या तोंडाकडे नेला.

त्यात खोटेपणा नव्हता. त्याला आपण ते केलं हे कळलंही नव्हतं.

मी झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. वाटी घरंगळत गेली, खीर दादाच्या नव्या सदऱ्यावर सांडली. "अगं, सटवीचा फेरा आला काय तुला!" आई ओरडली. काकू तोंडाला पदर लावून रडायला लागली. भरल्या कार्यात भावाचा हात झिडकारणारी बहीण पेठेनं पाहिली. मला वाटलं, दादा आता तरी पूर्वीसारखा भडकेल. पण त्यानं स्वतःच्या ओठाला बोट लावून पाहिलं, बोटाला खीर लागली होती.

"टेकवला व्हय मी?" त्यानं हळूच विचारलं.

संध्याकाळी त्यानं वहिनींना माझ्याकडे पाठवून गोळी मागून घेतली. "पोरीपेक्षा किडा मोठा न्हाई म्हणाले," वहिनींनी सांगितलं. जंतानं दिलेल्या मायेनंच जंताचा जीव घेतला.

पंधरवडा गेला नाही तोच रक्त सुरू झालं. दादा गल्ल्यावर परत बसला, वाढप्यावर खेकसायला लागला. खानावळीतल्या रांगा आटल्या. मी भेटायला गेले की तोंड फिरवायचा. बाकीच्यांना गोळी घ्यायला लावता लावता माझ्या नाकी नऊ आले. आई घेईना, अभय उद्यावर ढकलत होता, वहिनी तर हात जोडून म्हणाल्या, "वन्सं, ह्यांची माया गेली. माझी तरी राहू दे." माणसं आपल्या पोटातल्या भाडेकरूसाठी कशी झुंजतात, ते मी बघत होते आणि मनात त्यांची कीव करत होते.

एका सकाळी दादा स्वतःहून माझ्या दारात आला. पोट धरून खुर्चीत बसला. मंजिरी गोधडीवर पडून छताकडे बघत हसत होती. तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. पूर्वीसारखी, तिरसट, माप घेणारी नजर.

"ही रडत का न्हाई?"

"गुणी आहे."

"श्वास बघ तिचा. छातीचा भाता हालतोय नुसता." मग त्यानं तीच नजर माझ्याकडे वळवली. "समद्यास्नी बशीत थुंकाय लावलंस. स्वतःची थुंकी बघितलीस?"

मी हसले. म्हटलं, मी कशाला? आणि त्या हसण्याच्या मधेच अंगावर काटा आला. खरंच, मी कशाला नव्हते तपासली? वाघ्याची तपासली, नवख्या वाढप्याची तपासली. नऊ महिने रोज दुपारी दादाच्या ताटातला घास मी खाल्ला होता. मंजिरीचा मुका घेतल्याशिवाय माझा एक तास जात नव्हता. तरी माझं नाव मनात एकदाही आलं नव्हतं. येऊच दिलं नव्हतं.

बशीत थुंकले. दवाखान्यापर्यंत जायचंही धैर्य नव्हतं, दादाच मायक्रोस्कोपपाशी घेऊन गेला. माझ्या थेंबात अळ्या होत्या. मंजिरीच्या लाळेतही होत्या.

मुबीनानं फुफ्फुसाचा फोटो काढला. उजवी बाजू पांढरीफेक. ताप नाही, रडणं नाही, पोर हसतंय. तिला लगेच प्राणवायूवर ठेवलं. इंजेक्शनं चालू झाली, पण फौज उठली नाही तर नुसत्या औषधानं भागणार नाही, असं मुबीना म्हणाली. एवढ्या लहान जिवाला जंताचं औषध सहसा देत नाहीत. तिनं पोरीचं वजन दोनदा घेऊन मापून दिलं.

"आणि तुझी?" तिनं गोळी माझ्यापुढे धरली.

मला ठाऊक होतं काय होणार ते. बाहेरून एखादं संप्रेरक मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं, हे जनावरांतही असंच असतं. बाहेरचं बंद झालं की मागे खड्डा उरतो. तो भरतो की नाही, कधी भरतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. काचेपलीकडे माझी पोर होती, तिच्यासाठी माझा जीव तुटत होता आणि गोळी गिळली की कदाचित तुटायचा थांबणार होता. मी काचेवर कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडले. निदान एवढं तरी माझं असू दे, असं म्हटलं. मग गोळी घेतली. नाहीतर तिचा पुढचा मुका तिला परत तिथेच घेऊन आला असता.

काही दिवस उलटले. तिला ताप चढला, तेव्हा मुबीना आनंदानं वॉर्डभर नाचली. ताप चढला, उतरला, परत चढला. फोटोतला पांढरा भाग कमी व्हायला लागला.

त्या दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसले होते. दादा डबा घेऊन आला होता. तो रोज यायचा, वाटेत दोनदा संडासाला थांबावं लागायचं, आला की डबा आदळायचा. "खा. आपल्या हातानं खा," म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा.

आणि मंजिरी रडली.

आधी एक बारीक किरकिर, मग छाती फोडून, लालभडक होऊन, मुठी आवळून. आयाबाई हसत धावत आल्या. मुबीना दारात येऊन डोळे पुसायला लागली. "ऋतुजा, ऐकतेयस ना? ऐकतेयस ना?"

मी ऐकत होते. एक मूल रडत होतं. आवाज कर्कश होता आणि माझं डोकं दुखत होतं. एवढंच. मी आत शोधलं, सगळीकडे शोधलं. काही नव्हतं.

"घे की तिला," दादा भिंतीकडे बघतच म्हणाला.

"दादा, मला घ्यावंसं वाटत नाही." हे बोलताना मला रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही.

दादा वळला. त्याचा चेहरा वेदनेनं पिळवटलेला होता.

"मला कुठं हितं यावंसं वाटतंय?" तो खेकसला. "आलोय न्हवं? घे."

मी उठले आणि तिला उचललं. खांद्यावर कशी घ्यायची, पाठीवर कुठे थोपटायचं, हे हातांना आठवत होतं. ती रडत राहिली आणि मी थोपटत राहिले.